घशात अडकले तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पेडव्या-तारल्यांचा काटा कधी घशात लागला नाही असा माणूस आपल्या धामापुरात शोधून सापडायचा नाही. काटा लागला की सासूबाई भाताचा मुटका न चावता गिळायला लावीत. मीही गिळला आहे. पुढे परिचारिकेच्या नोकरीत उमगले की त्याने काटा कधी सुटतो, तर कधी अधिकच खोल रुततो. क्वचित अन्ननलिकेला भोकही पडते. बारीक काटा एक्स-रेत बहुधा दिसत नाही. तेव्हा फोटो स्वच्छ आला तरी दुखणे राहिले, तर पुन्हा दाखवावे.

माझ्या पुतण्याने पाचव्या वर्षी रुपया गिळला. घरात रडारड! शेजारीण मिठाचे पाणी पाजून ओकवायला निघाली, तिला मी अडवले. ओकताना नाणे श्वासनलिकेत गेले तर जीवावर बेतते. फोटोत नाणे पोटात उतरलेले दिसले आणि चौथ्या दिवशी ते आपोआप पडले. जाऊबाईंनी ते कसे शोधले, ते येथे सांगत नाही. अन्ननलिकेतच अडकले असते, तर डॉक्टरांना दुर्बिणीने काढावे लागले असते.

फिलाडेल्फियाच्या शेव्हालिए जॅक्सन (१८६५-१९५८) या डॉक्टरांनी रोग्यांच्या घशातून, छातीतून काढलेल्या दोन हजारांवर वस्तू जपून ठेवल्या. त्या तेथील म्यूटर संग्रहालयात आहेत. गुंड्या, नाणी, सेफ्टीपिना, सारे आपल्याच घरातले!

पण त्यांत नसलेले एक संकट आज आपल्या घरात आहे. रिमोट, खेळणी, वजनकाटा यांतली चपटी, नाण्यासारखी बॅटरी. ती अन्ननलिकेत अडकली की ओलाव्यातून वीज वाहते, तेथे दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतली त्वचा भाजते. मूल हसत-खेळत असले तरी थांबू नये. येथून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पोचेपर्यंतच किती वेळ जातो! गिळून बारा तास झाले नसतील, मूल वर्षाच्या वरचे असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, फार तर सहा वेळा. मधासाठी खोळंबू मात्र नये. दुसरे काही खायला-प्यायला देऊ नये. दोन लोहचुंबक गिळले तरी अशीच घाई करावी. आतड्याच्या दोन पदरांतून ते एकमेकांना चिकटतात.

माझ्या वजनकाट्याच्या झाकणाला मी चिकटपट्टीचे चार वेढे दिले आहेत. दिसते फार वाईट.