माळ्यावरची बंदूक



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी मुरबाड तालुक्यात शिक्षक आहे. त्याच्या शेजारच्या घराची कौले उतरवताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक बंदूक निघाली. मी कॉलेजात एन.सी.सी.चे काम पाहतो, म्हणून त्याने शहापूरला मला फोन लावला. पहिला प्रश्न, "सर, हिची किंमत किती येईल?" आणि लगेच पुढे, "घरचे म्हणतात, ही सिद्धगडची आहे."

सिद्धगड म्हटले की आपल्या भागात फारसे सांगावे लागत नाही. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. अजूनही त्या तारखेला माणसे तेथे जमतात. त्या घरातले आजोबा आझाद दस्त्याच्या लोकांना मदत करीत, आणि ही बंदूक त्यांनीच आणली, असे तीन पिढ्या सांगत आल्या होत्या.

मी त्याला म्हटले, "आधी तिला हात लावू नकोस." जुन्या बंदुकीत काडतूस राहिले आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. पोरेबाळे लांब ठेवावीत, चाप ओढून पाहू नये आणि पोलीस ठाण्यात कळवावे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बिनपरवान्याचे हत्यार घरात ठेवणे हा गुन्हा आहे. गंजली आहे, मोडली आहे, म्हणून सुटका होत नाही. दुरुस्त करूनही जी चालणार नाही अशा जुन्या हत्याराला सूट आहे खरी, पण ते आपण ठरवायचे नसते.

पंचनामा झाला, बंदूक ठाण्यात आली आणि हवालदारांच्या परवानगीने आम्ही ती पाहिली. हात त्यांचे, डोळे माझे.

घडण लगेच ओळखू आली. ली-एनफील्ड, आपण जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतो ती. चार किलोच्या आसपास वजन, नळीच्या तोंडापर्यंत आलेले लाकूड, दहा काडतुसांची पेटी. पण नुसत्या रूपावर जाऊ नये, कारण या घडणीच्या रायफली इंग्लंडात झाल्या, ऑस्ट्रेलियात झाल्या आणि बंगालमध्ये इशापूरलाही झाल्या. खरी जन्मपत्रिका असते बोल्टच्या मुठीखाली, लाकडी दस्ता जेथे पोलादाला मिळतो त्या पट्टीवर. तेथे कारखान्याचे नाव, नमुना आणि साल ठोकलेले असते. वर राजाचा मुकुट असतो. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या रायफलींवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. कुठे 'डी.पी.' अशी अक्षरे दिसली तर ती केवळ कवायतीची, गोळी झाडण्याची नव्हे. आमच्या कॅडेटांना हे पहिल्याच दिवशी शिकवावे लागते.

हवालदारांनी पट्टीवरची माती कापडाने पुसली. सालाचे आकडे झिजले होते. सिंह मात्र स्पष्ट होते.

आणखी एक गोष्ट निघाली. बोल्ट काढून नळीतून पाहिले तर आत पीळ नव्हते, नळी गुळगुळीत. पेटीत लाकडी ठोकळा बसवलेला, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. पहारेकऱ्यांसाठी रायफल बदलून केलेली ही .४१० ची मस्केट. बोल्टवरचा नंबर एक, अंगावरचा दुसरा. परदेशी संग्राहक पैसे मोजतात ते सगळे नंबर जुळणाऱ्या, मूळ लाकूड राखलेल्या नगाला. आपल्याकडे लष्करी बोअरचे हत्यार बाजारात विकताच येत नाही. तेव्हा किमतीचा प्रश्न मिटला. ती माळ्यावर आली कशी, ते नंबरावरून पोलीस शोधतील.

राहिला दुसरा प्रश्न. सिंहाचा शिक्का असलेली बंदूक १९४३ साली सिद्धगडावर असणे शक्यच नव्हते. हे त्या घरी कसे सांगावे, याचा विचार करीत मी ओसरीवर बसलो. खोटे बोलणे माझ्याने झाले नसते. सांगितले. तरुण मंडळींची तोंडे उतरली. आजोबांची लेक, म्हणजे त्या घरची आत्या, ऐंशीच्या पुढची. ती निवड करीत बसली होती. हातातले सूप न थांबवता ती म्हणाली, "बंदूक कुठली का असंना. रानात भाकरी माझी आय पोचवायची. शेणाच्या पाटीत खाली भाकरी, वर शेण. ते कुणी विचारलंच नाय."

भाकऱ्या कोण थापायचे, कुठल्या वाटेने जायच्या, मी विचारू लागलो. तिला चार पाड्यांची नावे आठवली, दोन आठवेनात. संध्याकाळची एस.टी. चुकू नये म्हणून मला उठावे लागले. आता माझा विद्यार्थी दर रविवारी वही घेऊन तिच्याकडे बसतो. बंदुकीची पावतीही त्याच वहीत ठेवली आहे.