मिनार किती उंच?



मित्र-मैत्रिणींनो, संध्याकाळच्या अभ्यासिकेत मी गणित शिकवतो. तिथे रोज कानावर पडणारे वाक्य म्हणजे, "सर, गणित अपने बस का नहीं." दहावीनंतर काय घ्यायचे, याचा निर्णय या एका वाक्यात आठवीतच होऊन जातो. नुसत्या शाबासकीने तो बदलत नाही.

म्हणून आम्ही सूत्राआधी प्रश्न देतो. वस्तीतल्या मशिदीचा मिनार वर न चढता मोजायचा. हातात एक मीटरची काठी आणि टेप. बराच वेळ नुसता गोंधळ. मग कुणीतरी सावली पकडली. काठीची सावली ७५ सेंटिमीटर, मिनाराची ११.२ मीटर. म्हणजे उंची सुमारे १५ मीटर. पोरं टेप गुंडाळायला लागली. एरवी गप्प बसणारी नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, टोक तो बीच में है. टेप दीवार से क्यों लगाया?" बरोबर! गोल पायाचा व्यास १.६ मीटर होता. त्याचा निम्मा मिळवला, सावली १२ मीटर झाली आणि मिनार १६ मीटर. समरूप त्रिकोण हा शब्द आम्ही त्यानंतर उच्चारला.

पाढे पाठ हवेतच, त्यात सूट नाही. पण मूल अडले की लगेच उत्तर सांगू नका. अडण्याचा वेळ त्याचा आहे.

आपल्या शहरातला बीबी का मकबरा सगळ्यांनी पाहिलाय. त्याचा वास्तुकार अताउल्लाह, ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. याच अताउल्लाहने १६३४-३५ मध्ये भास्कराचार्यांचे 'बीजगणित' फारसीत नेले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख इथून जवळच, चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. 'लीलावती' तर फैजीने त्याआधीच, १५८७ मध्ये फारसीत आणली होती. गणित आपले नाही म्हणणाऱ्या पोराला आधी मकबऱ्यावर न्या.

आता 'लीलावती'तलाच एक प्रश्न. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ. साप २७ हातांवरून बिळाकडे सरळ येतोय. मोर तिरपी झेप घेतो. दोघे सारखेच अंतर कापून भेटतात. बिळापासून किती हातांवर?

उत्तर मी सांगणार नाही. वह्या काढा.