अंत्युखियाची पंगत

ख्रिस्ती धर्माचा आरंभ यहुदी धर्माच्या कुशीत झाला, हे विधान सर्वमान्य असले तरी त्याचा पुरता अर्थ क्वचितच ध्यानात घेतला जातो. येशू यहुदी होता, त्याचे बारा प्रेषित यहुदी होते, आणि त्याच्या मृत्यूनंतरही यरुशलेममधील त्याचे अनुयायी तेथील मंदिरात प्रार्थनेला जात, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस पाळीत आणि मोशेच्या नियमशास्त्राने निषिद्ध ठरवलेले अन्न वर्ज्य मानीत. येशू हा इस्राएलाला वचन दिलेला मशीहा, म्हणजे देवाने अभिषेक केलेला राजा, अशी त्यांची श्रद्धा असल्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवताना आपण धर्म बदलत आहोत, असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटण्याचे कारण नव्हते. मात्र जे इस्राएलाचे नव्हते अशा लोकांनीही हा मशीहा मानला, तर त्यांचे स्थान कोणते, हा प्रश्न पहिल्या वीस वर्षांतच उभा राहिला. आणि धर्मतत्त्वाच्या चर्चेत जे एक वेळ मिटवता येत होते, तेच जेवणाच्या पंक्तीत पुन्हा पुन्हा अडत राहिले.

या इतर लोकांना हिब्रू भाषेत ‘गोयीम’ आणि ग्रीक भाषेत ‘एथ्ने’ म्हणत. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ ‘राष्ट्रे’ असा आहे, आणि मराठी बायबलातील ‘परराष्ट्रीय’ हा शब्द त्याच वळणाचा आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या अनेक शहरांत यहुद्यांची सभास्थाने, म्हणजे शास्त्रवाचनासाठी व प्रार्थनेसाठी जमण्याच्या जागा होत्या, आणि एकाच देवाच्या उपासनेने व तिच्यातील नीतिनियमांनी ओढले गेलेले काही परराष्ट्रीय तेथे येत असत. त्यांना ‘देवाचे भय बाळगणारे’ असे म्हटले जाई. आजच्या तुर्कस्तानातील आफ्रोडिसिअस येथे सापडलेल्या, काहीशा नंतरच्या काळातील एका ग्रीक कोरीव लेखात अशा पन्नासहून अधिक व्यक्तींची नावे यहुद्यांच्या नावांसोबत नोंदलेली आहेत. कैसरियातील रोमी शताधिपती, म्हणजे शंभर सैनिकांवरचा अधिकारी, कर्नेल्य हा याच वर्गातला होता. पेत्र या अग्रगण्य प्रेषिताने त्याच्या घरी जाऊन त्याचा बाप्तिस्मा करविल्याची हकिगत ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात सविस्तर आली आहे. यरुशलेमला परतल्यावर पेत्राला जो जाब विचारला गेला, तो बाप्तिस्म्याबद्दल नव्हता. सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन तो त्यांच्याबरोबर जेवला, हा आक्षेप होता.

हा आक्षेप घेणाऱ्यांना संकुचित म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. सुंता, म्हणजे मुलाच्या जन्मानंतर आठव्या दिवशी होणारा संस्कार, ही देवाने अब्राहामाशी केलेल्या कराराची खूण होती. इ. स. पूर्व १६७ मध्ये सेल्युकस घराण्यातील राजा चौथा अँटिओकस याने या संस्कारावर बंदी घातली, तेव्हा अनेकांनी मुलांची सुंता करण्यासाठी आणि डुकराचे मांस नाकारण्यासाठी प्राण दिले. ज्या खुणा रक्त सांडून जपल्या, त्या परक्यांच्या सोयीसाठी ऐच्छिक ठरवणे वारसांना जड जाणे स्वाभाविक होते. अशा खुणांनी एखादा लहान समाज किती काळ तग धरतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाने चहूबाजूंनी मराठी होत असतानाही सुंता सोडली नाही आणि शनिवारी घाणा फिरवला नाही, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

परराष्ट्रीयाला सुंता आवश्यक आहे की नाही, यावर खुद्द यहुदी विद्वानांतही एकवाक्यता नव्हती. यहुदी इतिहासकार जोसेफस याने उत्तर मेसोपोटेमियातील अदियाबेने राज्याच्या इझातेस या राजाविषयी दिलेली माहिती या दृष्टीने फार मोलाची आहे. परराष्ट्रीयांत येशूचा संदेश पोहोचवणारा प्रेषित पौल याच्याच काळातील हा राजा यहुदी धर्माकडे वळला, तेव्हा अनन्यास नावाच्या यहुदी व्यापाऱ्याने त्याला सांगितले की प्रजा बिथरण्याचा धोका असल्यामुळे त्याने सुंता करून घेऊ नये, कारण देवाची भक्ती त्यावाचूनही करता येते. पुढे गालीलाहून आलेल्या एलाझार या कडक शास्त्रनिष्ठ गृहस्थाने राजाला नियमशास्त्र वाचत असलेला पाहिले आणि नुसते वाचून काय उपयोग, त्यातील आज्ञा पाळली पाहिजे, असे बजावले. राजाने ते मानले. ख्रिस्ती मंडळीत जो वाद पेटला त्याच्या दोन्ही बाजू अशा रीतीने यहुदी परंपरेतच हजर होत्या, आणि तो वाद यहुदी विरुद्ध ख्रिस्ती असा रंगवणे ही नंतरच्या काळाने केलेली मोठी चूक आहे.

वादाचे केंद्र ठरलेले अंत्युखिया हे शहर सेल्युकस राजांची जुनी राजधानी होते, म्हणजे ज्या घराण्याने सुंतेवर बंदी घातली त्याच घराण्याचे. रोमी साम्राज्यात रोम आणि अलेक्झांड्रिया यांच्या खालोखाल त्याची गणना होई. येशूच्या अनुयायांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम येथेच मिळाले. येथील मंडळीत यहुदी आणि परराष्ट्रीय एकत्र जमत, एकत्र जेवत, आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण, हेही त्या काळी प्रत्यक्ष जेवणाचाच भाग असल्याने पंक्तिभेद झाला तर उपासनेतच फूट पडणार होती. यहुदियातून आलेल्या काहींनी सुंतेवाचून तारण नाही असे शिकवल्यावर पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यरुशलेमला गेले, आणि इ. स. ४९ च्या सुमारास तेथे जी बैठक झाली तिच्यात परराष्ट्रीयांवर सुंतेची सक्ती करू नये असे ठरले. पौलाबरोबर गेलेल्या तीत या ग्रीक सहकाऱ्यावरही तशी सक्ती झाली नाही.

या निर्णयाची दोन वर्णने उपलब्ध आहेत आणि ती पूर्णपणे जुळत नाहीत. ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते की येशूचा भाऊ याकोब याच्या सूचनेवरून परराष्ट्रीयांना चार गोष्टी टाळण्यास कळवण्यात आले: मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार. इस्राएलात राहणाऱ्या परक्यांसाठी लेवीय या ग्रंथात घातलेल्या बंधनांशी या यादीचे जवळचे नाते असून चारांपैकी तीन बाबी ताटातल्या आहेत. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात मात्र या चारांचा मागमूस नाही. तेथे गरिबांची आठवण ठेवावी एवढीच अट आहे.

त्याच पत्रात पुढे अंत्युखियातील प्रसंग येतो. पेत्र तेथे परराष्ट्रीयांच्या पंक्तीला बसत असे, पण याकोबाकडून काही माणसे आल्यावर तो मागे सरला, त्याच्यामागून इतर यहुदी विश्वासी उठले, आणि बर्णबाही त्यांच्यात सामील झाला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला दोष दिला. परराष्ट्रीयाला मंडळीत घ्यायचे आणि ताटापासून मात्र दूर ठेवायचे, याचा अर्थ तो यहुदी झाल्याशिवाय पुरता आपला होत नाही, असाच निघतो, हे पौलाने अचूक ओळखले होते. अब्राहामाला देवाने नीतिमान ठरवले ते त्याच्या विश्वासामुळे, आणि सुंतेची आज्ञा त्याला त्यानंतर मिळाली, हा उत्पत्ती ग्रंथातील क्रम दाखवून पौलाने पुढे रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सुंता झालेल्या व न झालेल्या अशा दोघांचाही पिता म्हणून अब्राहामाला उभे केले; हा युक्तिवाद त्याच्या साऱ्या लेखनात सर्वांत समर्थ मानावा लागतो, कारण तो नियमशास्त्र न नाकारता त्यातूनच निघाला आहे. पेत्राने काय उत्तर दिले, हे पौल सांगत नाही, आणि जिंकलेला वाद सांगणारा माणूस सहसा इतका मोघम राहत नाही, म्हणून त्या दिवशी पौल एकटा पडला असावा, असे अनेक अभ्यासकांचे अनुमान आहे.

गरिबांची आठवण ठेवण्याची अट पौलाने मात्र निष्ठेने पाळली. मासेदोनिया आणि अखया या ग्रीक प्रांतांतील मंडळ्यांकडून यरुशलेममधील गरजूंसाठी वर्गणी जमवून, काही परराष्ट्रीय प्रतिनिधींसह, इ. स. ५७ च्या सुमारास तो यरुशलेमला पोहोचला. मंदिराच्या बाहेरच्या अंगणापलीकडे परराष्ट्रीयाने पाऊल टाकल्यास त्याच्या मृत्यूला तोच जबाबदार राहील, असा ग्रीक भाषेतील इशारा तेथील कठड्यावर कोरलेला होता. त्यातील एक संपूर्ण शिला १८७१ मध्ये सापडली आणि ती आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. इफिसकर त्रफिम याला पौलाने हा कठडा ओलांडून आत नेले, असा समज पसरून जमाव उसळला आणि पौलाला अटक झाली. निघण्यापूर्वी रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, यरुशलेममधील बांधवांना आपली ही सेवा मान्य व्हावी म्हणून प्रार्थना करा, अशी विनंती त्याने केली होती. ती वर्गणी त्यांनी स्वीकारली की नाही, याविषयी ‘प्रेषितांची कृत्ये’ मौन पाळते.