संत्र्याला अढी नसते



परसातलं संत्र्याचं झाड फळांनी वाकलं की माकडांच्या धास्तीनं पुष्कळ घरी फळं कच्चीच उतरवतात. मग आंब्यासारखी गवतात घालतात, नाहीतर तांदळाच्या डब्यात ठेवतात. आठ-दहा दिवसांत साल थोडी पिवळी पडते, पण फळ आंबट ते आंबटच.

कैरीत पिष्ट साठलेलं असतं. उतरवल्यावर त्याचीच साखर होते, म्हणून आंबा अढीत पिकतो. संत्र्या-मोसंबीत असा साठाच नसतो. गोडी येते ती पानांकडून, देठाच्या वाटेनं. देठ तुटला की ती वाट बंद. बाजारात हिरव्या फळांना इथिलीन वायू देतात, त्यानं सालीतलं हरितद्रव्य जातं, फोडी गोड होत नाहीत. कॅल्शियम कार्बाइडला तर हातही लावू नका. फळं पिकवायला ते वापरण्यावर कायद्यानं बंदी आहे.

फळ तयार झालं का, हे नुसत्या रंगावरून ठरवू नका. रंग चढतो थंड रात्रींनी. विदर्भात आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून निघतात, तेव्हा रात्री अजून उबदार असतात. वरून हिरवट आणि आत गोड अशी फळं त्या वेळी सर्रास मिळतात. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात ती थंडी खाऊन, म्हणून त्यांचा रंग खुलतो. तेव्हा एक फळ सोलून चाखा. आंबट लागलं तर बाकीची झाडावरच राहू द्या. मात्र नागपुरी संत्रं फार दिवस ठेवलं की साल फुगते आणि फोडी कोरड्या पडतात. मोसंबी त्या मानानं दम धरते. कागदी लिंबू रसानं भरलं की हिरवंही काढावं.

काढताना फळ ओढू नका. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ती देठापाशी फाटते आणि तिथूनच हिरवी-निळी बुरशी शिरते. सिकेटरनं देठ फळालगत कापा, पण देठाची हिरवी चकती फळावरच ठेवा. लांब देठ करंडीतल्या शेजारच्या फळाला टोचतो. दव वाळल्यावरच काढणी करा. ओल्या, ताठ सालीतल्या तेलाच्या पेशी जराशा दाबानं फुटतात आणि सालीवर डाग उठतात.

संत्री भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. ६ ते ७ अंश तापमान त्यांना मानवतं. त्याहून फार थंडीत सालीवर खड्डे पडतात. लिंबं उघडी ठेवली की साल वाळून टणक होते, म्हणून ती झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्येच ठेवावीत. फारच झाली तर रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

आणि एवढं जरूर करा: एक-दोन दिवसांआड फळं वरखाली करून पाहा, बुरशी धरलेलं फळ दिसलं की लगेच बाहेर काढा, आणि त्याला टेकलेली फळं पुसून आधी खाऊन टाका.