तंबाखूंतील विष

ज्यां निको हा फ्रान्सचा वकील सोळाव्या शतकांत पोर्तुगालच्या दरबारीं राहत असे. १५६० च्या सुमारास त्यानें तंबाखू औषधी म्हणून पॅरिसच्या राजदरबारीं धाडली. पुढें त्याच्याच नांवावरून या वनस्पतीस ‘निकोटियाना’ हें शास्त्रीय नांव मिळालें. आणि १८२८ सालीं हायडेलबर्ग येथें पोसेल्ट व रायमान या दोघांनीं तिच्यांतून जें विष वेगळें काढलें, त्यास निकोटीन म्हणूं लागले. औषध म्हणून ज्यानें तंबाखू पाठविली, त्याचें नांव असें विषाला चिकटलें.

कुचल्यांतील स्ट्रिक्नीन आणि अफूंतील मॉर्फीन यांच्याप्रमाणें निकोटीन हेंही अल्कलॉइड वर्गांतील द्रव्य होय. शुद्ध स्थितींत तें तेलासारखें व रंगहीन असतें. हवेशीं संबंध आल्यावर हळूहळू तपकिरी होतें. तंबाखूचें झाड तें मुळांत तयार करतें आणि पानांत सांठवितें. पानें कुरतडणाऱ्या किड्यांपासून झाडाचें रक्षण करणें, हें त्याचें निसर्गानें नेमलेलें काम आहे.

मनुष्यावर त्याचा किती भयंकर परिणाम होतो, हें बेल्जममधील एका खटल्यानें जगापुढें आलें. बोकार्मे नांवाचा एक कर्जबाजारी सरदार बित्रमाँ येथील वाड्यांत राहत असे. पत्नीचा भाऊ ग्युस्ताव्ह याची संपत्ति आपल्या घरीं यावी, म्हणून त्यानें तंबाखूच्या पानांतून गुप्तपणें निकोटीन काढलें आणि २० नोव्हेंबर १८५० रोजीं जेवणाच्या प्रसंगीं तें त्या पांगळ्या मेहुण्यास बळजबरीनें पाजलें. मेहुणा तेथेंच गतप्राण झाला. सोमलाची परीक्षा त्या काळीं रसायनशास्त्रज्ञांस अवगत होती. परंतु वनस्पतिजन्य विष प्रेतांतून वेगळें काढण्याची खात्रीची रीत कोणासही ठाऊक नव्हती. बोकार्मेची सारी भिस्त त्यावरच होती.

हें काम ब्रुसेल्सच्या झां सर्व्हे स्तास या रसायनशास्त्रज्ञाकडे सोंपविण्यांत आलें. स्तासनें मृताचे अवयव मद्यार्क व आम्ल यांत भिजविले, गाळले आणि तो अर्क आटविला. आम्लाशीं बांधलें गेलेलें निकोटीन त्यांत विरघळलेलें होतें. मग त्यानें त्यांत दाहक क्षार घातला. क्षारानें आम्लाचें बंधन तुटून निकोटीन मोकळें झालें आणि ईथरमध्यें उतरलें. ईथर उडून गेल्यावर भांड्याच्या तळाशीं तेलकट थेंब उरले. त्यांस तंबाखूचा तीव्र दर्प येत होता. बोकार्मेस १८५१ सालीं देहदंड झाला, आणि स्तासची रीत न्यायवैद्यकाचा पाया ठरली.

श्रोतेहो, या रीतींतील क्षाराची पायरी नीट ध्यानांत ठेवावी; कारण तीच क्रिया महाराष्ट्रांतील असंख्य तळहातांवर रोज घडते. तंबाखूंत चुना घालून मळला, म्हणजे तो चुना तेथें स्तासच्या क्षाराचेंच काम करतो. बांधलेलें निकोटीन मोकळें होतें आणि गालाच्या नाजूक त्वचेंतून त्वरित रक्तांत शिरतें. चुन्याशिवाय तंबाखूस ‘जोर’ येत नाहीं, असें खाणारे म्हणतात. त्या जोराचा अर्थ हाच.

रक्तांत शिरल्यावर हें विष काय करतें? केंब्रिजच्या लँग्ली या शास्त्रज्ञानें १८८९ सालीं प्राण्यांच्या मज्जातंतूंच्या गाठींवर निकोटीन लावून पाहिलें. तें आधीं गाठीस चेतवितें व नंतर तिच्यांतून जाणारा संदेशच अडवितें, असें त्यास आढळलें. नवशिक्याच्या तोंडाला सुटणारें पाणी, मळमळ, घाम, फिकटपणा व घेरी यांचें मूळ या खोट्या चेतनेंत आहे. मात्रा फार वाढली, तर झटके येतात आणि श्वासाचे स्नायू लुळे पडून मृत्यु ओढवतो. सिगारेटचें थोटूक किंवा तंबाखूची पुडी रांगत्या मुलाच्या हातीं लागूं देऊं नये, तें याचसाठीं.

परंतु बहुतेक घरांत हें विष असें एकाएकीं मारीत नाहीं. तें मनुष्यास धरून ठेवतें. धुराबरोबर ओढलेलें निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूंत पोंचतें व तेथें सुखाची जाणीव जागवितें. सुमारें दोन तासांत त्याचें रक्तांतील प्रमाण निम्म्यावर येतें, आणि मन पुन्हां मागणी करूं लागतें. कर्करोग मुख्यतः तंबाखूंतील व धुरांतील इतर द्रव्यांमुळें होतो. पण त्या द्रव्यांच्या दारीं मनुष्यास रोज नेऊन उभें करणारें निकोटीनच होय.

मशेरीविषयींही सुशिक्षित घरांत एक भोळी समजूत आढळते. ती तंबाखू नव्हे, दांत घासण्याची पूड आहे, असें समजून गर्भवती स्त्रियाही ती लावतात. वस्तुतः ती भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यांतील निकोटीन मातेच्या रक्तांतून वारेंतून पार होऊन गर्भापर्यंत जातें. ज्यानें अजून पहिला श्वासही घेतलेला नाहीं, त्याला हें व्यसन आईच्या रक्तांतून पोंचतें.

हें सोडणाऱ्यास पहिले कांहीं दिवस चिडचीड, अस्वस्थता व निद्रानाश यांनीं ग्रासलेले जातात. घरच्यांनीं त्यास स्वभावदोष न मानतां विष उतरत असल्याचें लक्षण मानावें. तो त्रास हळूहळू ओसरतो. गरज पडल्यास वैद्यांच्या सल्ल्यानें मोजक्या मात्रेंत निकोटीनच देऊन, ती मात्रा क्रमाक्रमानें कमी करीत व्यसन सोडवितां येतें. अशा वेळीं घरांतील माणसांनीं टोमणे मारण्यापेक्षां चुन्याची डबी दृष्टीआड करावी आणि थोडा धीर धरावा.