मनाची राखण

दिवेलागणीच्या या वेळेला तुमच्यापैकी कोणाची धार काढून झाली असेल, कोणी पंप सुरू करायला वीज येण्याची वाट पाहत असेल, आणि एखादे गुरुजी वह्यांचा गठ्ठा पुढे घेऊन बसले असतील. कान माझ्याकडे आहेत, पण मन? ते सोसायटीच्या हप्त्याकडे गेले असेल, नाहीतर सकाळी भावकीत झालेल्या बोलाचालीकडे. त्याबद्दल मी रागावणार नाही. मनाचा तो स्वभावच आहे. या भटक्या मनाची राखण कशी करावी, एवढेच आज बोलायचे आहे.

राखण हा शब्द मी मुद्दाम वापरला. बुद्धाने स्वतःच्या साधनेची हकिगत भिक्षूंना सांगताना गुराख्याचा दाखला दिला आहे. मज्झिमनिकायातल्या द्वेधावितक्क सुत्तात तो येतो. पावसाळा सरता सरता पिके दाट उभी असतात. अशा वेळी गुराखी काठी घेऊन गुरांना वळवतो, अडवतो, प्रसंगी मारतोही. कारण गुरे दुसऱ्याच्या पिकात शिरली तर दंड आणि बोलणी त्यालाच खावी लागतात. पण उन्हाळ्याच्या अखेरीस धान्य घरात आलेले असते, रान मोकळे असते. मग तोच गुराखी झाडाखाली निवांत बसतो. 'गुरे तिथे आहेत' एवढी जाण ठेवली की त्याचे काम भागते. द्वेषाचा, दुसऱ्याला इजा करण्याचा विचार आला तर मनाला वळवायचे. एरवी नुसती जाण पुरे. या जाणिवेला पाली भाषेत 'सति' म्हणतात, म्हणजेच आपली स्मृती.

ध्यान म्हणजे मनाला दावणीला घट्ट बांधणे, अशी पुष्कळांची समजूत असते. दोन दिवस बसतात, विचार थांबत नाहीत, आणि 'हे आपले काम नव्हे' म्हणून उठतात. अहो, विचार थांबवायचे कोणी सांगितले? मन गेले हे कळले, की राखणदार जागा आहे असे समजावे. हळूच परत आणावे, झाले.

मी पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवीत असे. एके दिवशी घरी पैशांवरून कटकट करून वर्गात आलो. तिसरीतल्या एका पोराने गृहपाठ केला नव्हता. मी काही विचारले नाही. हात उचलला आणि दिली एक ठेवून. मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलांकडून कळले, की त्याची आई दोन दिवस दवाखान्यात होती. ते पोर रडलेसुद्धा नाही; नुसते माझ्याकडे पाहत राहिले. ती चापट गृहपाठासाठी नव्हतीच. घरचा राग मी वर्गापर्यंत वाहून आणला होता, आणि तो माझ्याजवळ आहे हेच मला ठाऊक नव्हते. गुरे कधीच पिकात शिरली होती.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. वर्गाच्या उंबरठ्याशी थांबायचे आणि पाच श्वास मोजून मगच आत जायचे. ही मोजणी माझ्या पदरची नव्हे. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' नावाचा मोठा ग्रंथ रचला. गोव्याचे धर्मानंद कोसंबी पालीच्या ओढीने सिंहलद्वीपात आणि ब्रह्मदेशात जाऊन शिकले होते; त्यांनी तो ग्रंथ नागरी लिपीत संपादून १९४० साली मुंबईत प्रसिद्ध केला. त्यात सांगितले आहे की श्वास मोजताना पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. आरंभी मोजावे कसे? तर धान्य मापणाऱ्यासारखे, सावकाश. तो माप भरतो, 'एक' म्हणून ओततो; पुन्हा भरताना काडीकचरा दिसला तर वेचून टाकतो, पण तोंडाने 'एक, एक' चालूच ठेवतो. आपल्याकडे खळ्यावर पायलीने मापताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात आणि दुसरे पडेपर्यंत 'लाभ, लाभ' म्हणत राहतात, ते आठवा. विचार आला, तो कचरा. वेचला, टाकला, मोजणी पुढे. चुकलीच तर पुन्हा 'लाभ'पासून सुरुवात करावी.

एक सावधगिरी सांगतो. हा प्राणायाम नव्हे. श्वास ओढू नका, कोंडू नका. आपसूक येतो-जातो तसा येऊ द्यावा आणि नाकपुडीशी त्याचा स्पर्श जाणावा. डोळे मिटून अस्वस्थ वाटले तर उघडे ठेवावेत.

यासाठी वेगळा वेळ कुठून काढायचा, असे आमच्या भगिनी विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, खाणे, पिणे ही सारी कामे जाणिवेने करायला सांगितली आहेत. विहिरीवर जाताना पावलांकडे लक्ष द्या. पहिले चार घास तरी मोबाईल बाजूला ठेवून, चव घेत खा. भाकरी थापताना हाताखाली पीठ कसे फिरते ते पाहा. ब्रह्मदेशातले सयाजी ऊ बा खिन हे तर सरकारी नोकर. १९४८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा ते तिथले महालेखापाल झाले. हिशेबाचे काम सांभाळून कचेरीतल्या माणसांना साधना शिकवीत. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका १९६९ साली ही विद्या घेऊन भारतात आले, आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. तिथे दहा दिवसांच्या शिबिराला फी नाही. पण तुम्हाला आज इगतपुरी गाठायची गरज नाही.

महाराष्ट्रातल्या अनेक शाळांतून 'मित्र' उपक्रमात मुलांना आनापान, म्हणजे श्वास पाहणे, शिकवले गेले. गुरुजींना माझी विनंती एवढीच, की मुलांना डोळे मिटायला लावून आपण हजेरीपट भरत बसू नये. मुले एका डोळ्याने पाहत असतात! स्वतः बसावे. आणि दंगा करणाऱ्याला शिक्षा म्हणून ध्यानाला बसवू नये. जन्मभर त्याला त्याची अढी बसेल.

आता जे यातून होत नाही तेही सांगतो. पाच श्वास मोजून कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही, सोयाबीनचा भाव वाढत नाही. त्यासाठी बँकेत, बाजार समितीत खेटे घालावेच लागतात. फार तर तिथे गेल्यावर आपण काय बोलतो आहोत याचे भान राहते. आणि घरातल्या कोणाची रात्र रात्र झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, जगणे नको अशी भाषा तोंडी येत असेल, तर त्याला 'ध्यान कर' म्हणून एकटे बसवू नका. सोबत जा, सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. तो भिंतीवर लिहून ठेवा.

माझी वेळ संपत आली.