संकेतस्थळावरील घड्याळ आणि पनवेलची मध्यरात्र

संगणकाला तास, वार आणि महिने मुळात ठाऊक नसतात. त्याच्यापाशी असते ती सतत वाढत जाणारी एक संख्या, जी १ जानेवारी १९७० रोजी ग्रिनिचच्या मध्यरात्री शून्य होती असे मानले जाते आणि जी तेव्हापासून उलटलेले सेकंद, किंवा ब्राउझरच्या बाबतीत मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग, सांगते. भारतात त्या शून्य क्षणी पहाटेचे साडेपाच वाजले होते, आणि म्हणूनच एखाद्या संकेतस्थळाला तारीख सापडेनाशी झाली की भारतीय वाचकाला पडद्यावर '१ जानेवारी १९७०, ५.३०' असा चमत्कारिक मजकूर दिसतो. माणसांचा काळ मात्र एका संख्येत मावत नाही. त्यात निदान तीन भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात: जगभर एकच असलेला क्षण, एखाद्या स्थळाला आणि तिथल्या रिवाजाला बांधलेला दिनांक, आणि दोन क्षणांमधला अवधी. संकेतस्थळावरील घड्याळे आणि उलटी मोजणी करणारे टायमर जिथे चुकतात, तिथे बहुतेक वेळा बेरीज-वजाबाकी चुकलेली नसते. या तिन्हींपैकी आपण कशाविषयी बोलत आहोत आणि तो काळ कोणाचा, हा प्रश्न प्रोग्रामरने विचारलेलाच नसतो.

या प्रश्नाचे पनवेलइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. गणेशोत्सवासाठी कोकणात जाणारी पनवेल परिसरातील कुटुंबे रेल्वेचे आरक्षण कधी उघडते याकडे डोळे लावून बसतात, आणि त्यांच्या सोयीसाठी 'आरक्षण सुरू होण्यास इतके दिवस, इतके तास' असे दाखवणारे पान तयार करणे हे वरकरणी तासाभराचे काम वाटते. रेल्वेचा नियम असा की १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण प्रवासाचा दिवस वगळून ६० दिवस आधी उघडते. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. समजा एखाद्या कुटुंबाला २५ ऑगस्टला निघायचे होते. साठ दिवस म्हणजे दोन महिने असे धरून कॅलेंडरचे दोन महिने मागे गेले तर २५ जून येतो, प्रवासाचा दिवस धरून साठ मोजले तर २७ जून येतो, आणि नियमाप्रमाणे तो वगळून मोजले तर २६ जून येतो. तीन समंजस माणसे तीन तारखा सांगतील, आणि ज्या आरक्षणात पहिल्या काही मिनिटांतच प्रतीक्षायादी सुरू होते त्यात एका दिवसाची चूक म्हणजे तिकीट हुकणे होय.

परंतु खरी गुंतागुंत याच्या पुढे आहे. कोकणकन्या एक्सप्रेस रात्री अकराच्या सुमारास मुंबईहून सुटते आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर पनवेलला पोहोचते. म्हणजे मुंबईत बसणाऱ्या प्रवाशाचा दिनांक आणि पनवेलला चढणाऱ्या प्रवाशाचा दिनांक एकाच गाडीच्या एकाच फेरीत वेगळे असतात. आरक्षणाचा कालावधी गाडी तिच्या आरंभस्थानकावरून ज्या दिनांकाला सुटते त्यावरून मोजला जात असल्यामुळे, पनवेलहून २५ ऑगस्टच्या पहिल्या तासात निघणाऱ्या प्रवाशासाठी ती गाडी २४ ऑगस्टची ठरते आणि तिचे आरक्षण २५ जूनला उघडते. येथे एक गमतीची गोष्ट घडते, ती अशी की 'दोन महिने' हा चुकीचा हिशेब पनवेलच्या प्रवाशाला योगायोगाने बरोबर उत्तर देतो, आणि असा प्रोग्राम चाचणीत उत्तीर्ण होऊन पुढच्या वर्षापर्यंत निर्धास्तपणे चालू राहतो. दोन चुकांनी एकमेकींना झाकणे हा प्रोग्रामिंगमधला सर्वांत धोकादायक प्रकार म्हणावा लागेल, कारण त्यातली एक चूक कोणी सुधारली की दुसरी उघडी पडते आणि दोष सुधारणाऱ्याच्या माथी येतो. तत्काळ आरक्षणालाही हाच न्याय लागू आहे: ते आरंभस्थानकाच्या दिनांकाच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहाला आणि इतर वर्गांसाठी अकराला उघडते, त्यामुळे पनवेलच्या त्याच प्रवाशाची तत्काळची वेळ २४ नव्हे तर २३ ऑगस्टला येते. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्थानकावरून सुटणारी मंगला एक्सप्रेस पनवेलला दुसऱ्या दिवशी येते, तेव्हा तिच्याही बाबतीत हाच फरक पडतो. शिवाय साठ हा आकडा स्वतः स्थिर नाही. २०१३ साली तो १२० वरून ६० झाला, २०१५ साली पुन्हा १२० झाला आणि २०२४ साली परत ६० झाला. ज्याने तो आकडा प्रोग्रामच्या पोटात पक्का लिहून ठेवला त्याचे पान दर काही वर्षांनी खोटे बोलणारच.

तारीख ठरल्यावर ती ब्राउझरला सांगण्याचा प्रश्न येतो, आणि येथे जावास्क्रिप्ट या ब्राउझरमधल्या प्रोग्रामिंग भाषेचा एक कुप्रसिद्ध रिवाज आडवा येतो. '२०२५-०६-२५' अशी नुसती तारीख लिहिली तर ही भाषा ती ग्रिनिचची मध्यरात्र समजते, पण त्याच तारखेपुढे वेळ जोडली आणि प्रदेशाचा उल्लेख केला नाही तर ती पाहणाऱ्याच्या यंत्राची स्थानिक वेळ समजते. परिणामी मध्यरात्री संपायला हवी अशी मोजणी पनवेलमध्ये पहाटे साडेपाचला संपते. याच भाषेत महिने शून्यापासून मोजले जातात, म्हणून जून हा सहावा नव्हे तर पाचवा असतो. १९९५ साली घाईघाईत तयार झालेल्या या भाषेने तारखेची व्यवस्था जवळजवळ जशीच्या तशी जावा या भाषेकडून उचलली होती. पुढे जावाने ती टाकून दिली तरी संकेतस्थळांच्या जगात ती राहून गेली, आणि 'टेम्पोरल' नावाची नवी व्यवस्था आता कुठे ब्राउझरांमध्ये येऊ लागली आहे. त्या व्यवस्थेत क्षण, दिनांक आणि अवधी यांना प्रथमच वेगवेगळे प्रकार म्हणून स्थान मिळाले आहे.

मोजणी चालवण्याच्या पद्धतीत दडलेले दोष याहून सूक्ष्म आहेत. नवशिका प्रोग्रामर उरलेले सेकंद एका जागी साठवतो आणि ब्राउझरला दर सेकंदाला त्यातून एक वजा करण्यास सांगतो. ब्राउझर मात्र 'इतक्या वेळाने' या आज्ञेचा अर्थ 'किमान इतक्या वेळाने' असा घेतो, आणि पानावर दुसरे काम चालू असेल तर उशीर करतो. टॅब मागे गेलेला असेल, म्हणजे वाचक दुसरे पान पाहत असेल, तर क्रोम हा ब्राउझर टायमरला सेकंदातून एकदाच उठू देतो, आणि २०२१ च्या आरंभी आलेल्या ८८ व्या आवृत्तीपासून पाच मिनिटे मागे राहिलेल्या पानाला बहुधा मिनिटातून एकदाच. मोबाइल झोपी गेला तर टायमरही झोपतो. अशा पानावर परत आलेल्या वाचकाला अजून वीस मिनिटे शिल्लक आहेत असे दिसते, तेव्हा आरक्षण उघडून गाड्या भरलेल्याही असतात. उपाय साधा आहे: सेकंद वजा करत बसू नये, दर वेळी लक्ष्याच्या क्षणातून आत्ताचा क्षण वजा करून उरलेला अवधी नव्याने काढावा, आणि टायमरचा उपयोग केवळ आकडा पुन्हा रंगवण्याची आठवण म्हणून करावा. टायमरला मर्यादाही आहे. त्याला देता येणारा मोठ्यात मोठा विलंब २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंदांचा, म्हणजे जेमतेम पावणेपंचवीस दिवसांचा असतो, आणि त्याहून मोठा आकडा दिल्यास ब्राउझर तक्रार न करता तो चुकीचा वाचतो आणि काम कधी ताबडतोब, तर कधी भलत्याच वेळी उरकून टाकतो. साठ दिवसांनी वाजायची घंटा सुमारे दहा दिवसांनीच वाजते. टायमरची तीच कमाल संख्या १९७० पासूनच्या सेकंदांच्या रूपात धरली तर १९ जानेवारी २०३८ हा दिवस येतो, ज्या दिवशी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी काळ ३२ अंकी द्विमान संख्येत साठवणाऱ्या जुन्या प्रणालींची जागा संपेल.

शेवटच्या सेकंदाचाही एक बारीक प्रश्न आहे. उरलेला अवधी पूर्ण सेकंदांत दाखवताना अपूर्णांक खाली टाकला तर पडद्यावर शून्य खऱ्या क्षणाच्या जवळजवळ एक सेकंद आधीच उमटते, आणि लोक कळ दाबून 'अजून सुरू झाले नाही' असे उत्तर मिळवतात. अपूर्णांक वर घेतला तर शून्य नेमके वेळेवर येते. पुढे मोजणी शून्यावर थांबवण्याचे राहून गेले तर उणे आकडे सुरू होतात, आणि शून्याला प्रत्येक पानाने आपोआप सर्व्हरकडे, म्हणजे माहिती पुरवणाऱ्या मूळ संगणकाकडे, धाव घ्यावी अशी योजना केली असेल तर लाखो पाने एकाच क्षणी त्याच्यावर आदळतात.

हे सर्व साधले तरी 'आत्ताचा क्षण' कोणी सांगायचा हा प्रश्न उरतोच. वाचकाच्या यंत्रातील घड्याळ चुकलेले असू शकते, किंवा एखाद्या खेळातील प्रतीक्षा टाळण्यासाठी मुद्दाम पुढे केलेले असू शकते. भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे, आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने सेवापुरवठादारांना आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळवण्याचा निर्देश दिला. म्हणून पानाने उघडताच सर्व्हरला वेळ विचारावी, प्रश्न जाऊन उत्तर यायला लागलेल्या वेळेचा निम्मा भाग त्यात मिळवावा आणि आपले घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे तो फरक लक्षात ठेवावा. त्यानंतर सरकलेला अवधी मात्र ब्राउझरच्या त्या दुसऱ्या घड्याळावरून मोजावा जे कधीच मागे जात नाही. हा भेद पुस्तकी वाटतो, तरी त्याची किंमत क्लाउडफ्लेअर या मोठ्या इंटरनेट कंपनीने मोजलेली आहे. पृथ्वीच्या परिवलनाशी मेळ राखण्यासाठी जगाच्या घड्याळात अधूनमधून एक लीप सेकंद घालतात. १९७२ पासून असे २७ सेकंद घातले गेले, आणि त्यांतला शेवटचा १ जानेवारी २०१७ रोजी भारतात पहाटे साडेपाच वाजण्याच्या तोंडाशी आला. त्या वेळी क्लाउडफ्लेअरच्या एका प्रोग्रामला दोन क्षणांमधला अवधी उणे मिळाला, उणे अवधीची कल्पनाच त्याच्या कर्त्याने केलेली नव्हती, आणि सेवेचा एक भाग कोलमडला. २०३५ पर्यंत लीप सेकंदाची प्रथा बंद करण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय २०२२ साली झाला, त्यामागे अशा प्रसंगांचा वाटा मोठा होता.

भारतात सर्वत्र एकच वेळ असल्यामुळे येथील प्रोग्रामर कालप्रदेशांकडे दुर्लक्ष करतात, पण ही एकवाक्यता फार जुनी नाही. पनवेलचा मध्यान्ह सूर्याच्या हिशेबाने प्रमाणवेळेपेक्षा सुमारे साडेसदतीस मिनिटे उशिरा होतो. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा शेजारच्या मुंबईने तिला कडवा विरोध केला, आणि ३९ मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' तेथे पुढे कित्येक दशके टिकून राहिली. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशभर घड्याळे एक तास पुढे होती. जगातील बहुतेक प्रणाली ज्या कालप्रदेश-कोशावर अवलंबून असतात त्यात 'आशिया/कोलकाता' या नोंदीखाली युद्धकाळातला तास आहे, पण मुंबईची वेगळी वेळ नाही, कारण तो कोश १९७० नंतरच्या एकसमान इतिहासाचीच हमी देतो. साधारणतः दोन तासांनी लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, बदलते, म्हणून १९४३ साली जन्मलेल्या व्यक्तीची जन्मपत्रिका करणारे संकेतस्थळ हा तास विसरले तर पत्रिका दुसऱ्याच लग्नाची होऊ शकते. पत्रिकेवर विश्वास असो वा नसो, गणित तरी बरोबर हवे.

परदेशातील मराठी कुटुंबांच्या बाबतीत हाच प्रश्न उलट बाजूने येतो. न्यू जर्सी आणि पनवेल यांच्यातील अंतर उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचे असते, म्हणून तिथल्या मंडळाने 'दर रविवारी सकाळी दहा वाजता' ठेवलेला ऑनलाइन वर्ग मार्च आणि नोव्हेंबरमध्ये पनवेलकरांसाठी एका तासाने सरकतो. असा कार्यक्रम क्षण म्हणून साठवू नये, स्थळाच्या नावासह स्थानिक वेळ म्हणून साठवावा. गणेश चतुर्थीची मोजणी तर याहून बिकट आहे. तिथी मध्यरात्रीला सुरू होत नाही, ती चंद्र-सूर्यांमधील अंतर ठरावीक अंशांचे झाल्या क्षणी जगभर एकदमच सुरू होते, पण चतुर्थीचा दिवस स्थानिक मध्यान्हाला ती तिथी आहे की नाही यावरून ठरतो, त्यामुळे पनवेल आणि न्यू जर्सी येथे तो वेगळ्या दिनांकाला पडू शकतो. उत्सवाला किती दिवस उरले हे सांगणाऱ्या पानाने आधी वाचक कुठे आहे हे विचारायला हवे, आणि अशी विचारणा करणारी पाने फारच थोडी आहेत.

उरतो तो मुद्दाम चुकवलेल्या घड्याळाचा प्रकार. 'ही सवलत दहा मिनिटांत संपेल' असा टायमर दाखवणारी काही दुकाने पान पुन्हा उघडले की तोच टायमर पुन्हा दहा मिनिटांवर आणतात, कारण त्यामागे लक्ष्याचा कोणताच क्षण नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ प्रकारांची नोंद असून, खोटी निकड निर्माण करणे हा त्यातला पहिलाच प्रकार आहे. तपासणी कोणालाही करता येते: तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये खासगी खिडकीत उघडावे, आणि दोन्हीकडे शून्य एकाच क्षणी येते की नाही ते पाहावे.